रोझेनवाल्ड शाळेची इमारत ओळखायची कशी आणि तिचा इतिहास काढायचा कसा

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असत. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड आणि अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या योजनेतून १९१२ ते १९३२ या काळात १५ राज्यांत अशा ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. सगळ्यांत जास्त नॉर्थ कॅरोलायनात, म्हणजे रॅली-शार्लटला राहणाऱ्या मराठी मंडळींना शोधायला भरपूर वाव आहे. आज त्या जागी चर्चचा हॉल असेल, कुणाचं घर असेल, नाहीतर गवताचं गोदाम.

आधी खिडक्या बघा. गावात वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्या एकमेकींना खेटून, एका ओळीत बसवलेल्या असत. बहुतेक ठिकाणी वर नऊ आणि खाली नऊ तावदानं. होकायंत्र जवळ ठेवा: वर्गाच्या खिडक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असायला हव्यात. इमारतीचं तोंड कुठे करायचं हे रोझेनवाल्ड फंडाने (रोझेनवाल्डच्या निधीने) वाटलेल्या ठरीव आराखड्यावरच छापलेलं असे, आणि बाकं अशी मांडत की उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडत नाही.

खिडक्या बुजवल्या असतील तर बाहेरच्या आडव्या फळ्या नीट न्याहाळा. सलग भिंतीत फळ्यांचे सांधे मागेपुढे असतात. जिथे सात-आठ सांधे एकाखाली एक, सरळ उभ्या रेषेत येतात, तिथे खिडकीची कड होती. आत गेलात तर दोन वर्गांमधली सरकती किंवा घडीची भिंत शोधा. ती उघडली की सभागृह तयार होई. भिंत काढून टाकली असली तरी छताला किंवा जमिनीला तिची खूण सहसा राहते. रंग मात्र खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असतं.

एवढ्यावरून ‘सापडली!’ म्हणून नाचू नका. हे आराखडे इतरांनाही मिळत, त्यामुळे गोऱ्या मुलांच्या शाळाही त्यांवरून बांधल्या गेल्या. उलट १९२० च्या आधीच्या शाळा टस्कीगीच्या देखरेखीखाली झाल्या, त्यांचा तोंडवळा निराळा. पुरावा कागदाचाच लागतो.

पहिला कागद नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे. तिथे रोझेनवाल्ड फंडाची शाळावार कार्डं आहेत, पुष्कळांना फोटोही आहेत, आणि ती ऑनलाइन शोधता येतात. कार्डावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शिक्षकसंख्या, जमीन, एकूण खर्च आणि कुणी किती पैसे दिले याची फोड असते. शाळेच्या नावापेक्षा काउंटीने शोधा. माउंट झायन, न्यू होप अशी नावं गल्लोगल्ली आहेत, आणि पुढे नावं बदललीही. कार्डावरचं साल आर्थिक वर्षाचं असतं, जुलै ते जून. पाटीवर १९२६ आणि कार्डावर १९२५-२६ दिसलं तर ते भांडण नाही. लहान शाळांच्या आराखड्याच्या क्रमांकावरून शिक्षकसंख्या कळते: २० म्हणजे दोघांची, ३-बी तिघांची, ४-ए चौघांची.

पैशांची फोड शब्दशः उतरवून घ्या. इथेच बहुतेक लिखाण घसरतं: ‘रोझेनवाल्डने बांधून दिली.’ फंड फक्त हिस्सा देई. अलाबामातल्या लोचापोका इथली पहिली शाळा ९४२.५० डॉलरमध्ये झाली. रोझेनवाल्डचे ३००, स्थानिक गोऱ्यांचे ३६०, काळ्या गावकऱ्यांचे पैसे आणि अंगमेहनत मिळून २८२.५०. संपूर्ण योजनेत काळ्या लोकांनी सुमारे ४७ लाख डॉलर घातले, फंडाने त्याहून थोडे कमी. शिवाय हेच लोक शाळेसाठी करही भरत होते. एकाच शाळेचे दोनदा पैसे!

नंतर काउंटीच्या खरेदीखत-नोंदणी कार्यालयात खरेदीखतांची सूची काढा. जमीन सरकारी शाळा मंडळाच्या नावे करून द्यावी लागे, म्हणून घेणाऱ्यांच्या सूचीत मंडळाचं नाव शोधा, शाळेचं नाही. मग देणाऱ्यांच्या सूचीत तेच मंडळ १९५० आणि ६० च्या दशकांत शोधा. १९५४ च्या ब्राउन निकालानंतरच्या (वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच्या) वर्षांत कितीतरी शाळा बंद करून विकल्या गेल्या, आणि घेणारं बऱ्याचदा शेजारचं चर्चच निघतं. मंडळाची इतिवृत्तं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळताना शोधशब्द त्या काळचे टाका, ‘कलर्ड’ आणि ‘नीग्रो’. आजचे शब्द टाकलेत तर हाती काहीच लागणार नाही.

माजी विद्यार्थी आता उतारवयात आहेत, म्हणून त्यांना भेटणं कागदपत्रं पुरी होईपर्यंत लांबवू नका. ‘शाळा कशी होती?’ असं विचारलं की ‘छान होती’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी शाळेच्या इमारतीचा कोरा नकाशा आणि पेन्सिल पुढे ठेवा. शेगडी कुठे होती? लाकडं कोण आणायचं? कोट कुठे टांगायचे? पाणी कुठून यायचं? मग तो नकाशा घेऊन इमारतीत जा आणि शेगडीच्या धुराड्याचं बुजवलेलं भोक त्याच भिंतीत आहे का ते बघा.