लग्नाच्या जुन्या कागदांतली ती तुटकी अक्षरं कशी लावायची

वंशावळ काढायला नवीनच बसलेल्यांसाठी लिहितोय. घरच्या ट्रंकेत जुनी लग्नपत्रिका किंवा लग्नाची याद (देण्याघेण्याचा नि मानपानाचा कागद) सापडली की सगळे आधी नावं वाचतात आणि नावाआधीची अक्षरं सोडून देतात, माझ्या मते खरा माल तिथेच असतो. वराच्या आईच्या नावाआधी सौ. न लिहिता गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी लिहिलंय? मग वराचे वडील त्या लग्नाआधीच गेलेले, मृत्यूचा दाखला मिळाला नाही तरी निदान कधीच्या आधी गेले ते कळलं. कै. सगळ्यांना माहीत असतं, पण वारकरी घरात त्याच जागी वै. दिसतं, ते वैकुंठवासी, वैद्य नव्हे!

तारखेत व॥ म्हणजे वद्य, शु॥ म्हणजे शुद्ध. व॥ ३० बघून नवखा माणूस गडबडतो कारण पंधरवड्यात तीस तिथी कुठून येणार, तर अमावास्या तशीच लिहायची पद्धत आहे. शकात ७८ मिळवा असं सगळे सांगतात पण नवा शक चैत्रात लागतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीतच बदलतं, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या लग्नाला ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८४२ माघ व॥ ५ हे फेब्रुवारी १९२१ झालं, १९२० नाही.

आता त्या दोन दंडांचं. अक्षरापुढे ॥ असेल तर शब्द तोडलाय, आकड्यापुढे असेल तर अर्धा. "पाटल्या २॥ तो." म्हणजे अडीच तोळे. एकच दंड असला तर पाव, ॥। म्हणजे पाऊण. त्याच ओळीत पुढे मा. आणि गुं. आलं तर मासे आणि गुंजा, ८ गुंजांचा मासा नि १२ माशांचा तोळा. तिथे मा. म्हणजे मामा समजून नवऱ्या मुलीला आणखी एक नातेवाईक चिकटवू नका प्लीज.

मोडी कागद असेल तर बि॥ म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे कोम आलं तर अमक्याची बायको, ते आडनाव नाही. प॥ परगणे, क॥ कसबे, त॥ तर्फ, हे गावाचा पत्ता सांगणारे जुन्या काळचे शब्द. आणि पत्रिकेत जि. कुलाबा दिसलं तर आजच्या नकाशात रायगडात शोधा, नाव १९८१ साली बदललंय.

एखादं अक्षर अजिबातच लागत नसेल तर गुगल करण्याआधी तोच कागद वरपासून पुन्हा वाचा, लिहिणाऱ्याने पहिल्यांदा बऱ्याचदा पूर्ण शब्द लिहिलेला असतो आणि मग हात दुखायला लागल्यावर तोडायला सुरुवात केलेली असते.