भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून काढा
मुंबईहून मांडवा, मुरुड, हरिहरेश्वर, गुहागर असं दोन-तीन आठवडे गाडीने फिरताना भरतीची वेळ बघायला सगळीकडे रेंज मिळत नाही. पंचांग असलेली दिनदर्शिका गाडीत ठेवा.

१. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती.
२. त्यात ६ मिळवा. नऊला ओहोटी.

वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजा.

अलिबागचा कुलाबा किल्ला पायी बघायला चतुर्थी उत्तम, सकाळीच वाट उघडते. अष्टमीच्या आसपास टाळा, तेव्हा पाणी फारसं ओसरत नाही.

हिशेब तासभर चुकू शकतो. किल्ल्यात शिरण्याआधी स्थानिक कोळ्यांना विचाराच, आणि गाडी ओल्या वाळूत उतरवू नका. चाकं रुततात, मागून भरती येते.