जेआर वनसाठी स्किल लॅब: बारा आठवड्यांची आखणी

सिम्युलेटरचं (सरावाच्या उपकरणाचं) कोटेशन मागवण्याआधी वेळापत्रक लावा. शस्त्रक्रियेच्या सरावाची ही लॅब ओस पडते ती बहुतेकदा जेआर वनला, म्हणजे सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, वॉर्डातून कोणी सोडत नाही म्हणून. आठवड्यातून एकदा दीड तास ठेवा. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस वगळा. त्या वेळेत त्याचे कॉल कोण घेणार, हे युनिटप्रमुखांच्या सहीने ठरू द्या. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये सगळं उरकू नका. टोरांटोच्या २००६ च्या अभ्यासात चारही सत्रं एकाच दिवशी केलेल्यांपेक्षा दर आठवड्याला एक सत्र करणाऱ्यांचा हात महिन्याभराने सरस निघाला.

पहिले तीन आठवडे फक्त गाठी: दोन हातांची, एका हाताची, नीडल होल्डरची (सुई धरायच्या चिमट्याची). रिकाम्या काडेपेटीवर २-० सिल्कने (जाडीचा क्रमांक २-० असलेल्या रेशमी धाग्याने) गाठ बांधायला लावा. पेटी टेबलावरून उचलली गेली, तर हात वर ओढतोय. पोटात हाच झटका बारीक रक्तवाहिनी तोडतो. प्रत्येक फेऱ्याला हातांची दिशा बदलली नाही तर ग्रॅनी नॉट (कच्ची गाठ) पडते आणि सरकते.

पुढचे तीन आठवडे त्वचेचे टाके, कातडीसकट कोंबडीच्या तंगडीवर. सुई टोकापासून दोनतृतीयांशावर धरायची, त्वचेत काटकोनात घालायची. तिरकी गेली की कडा आत वळतात.

मग तीन आठवडे बकऱ्याचं आतडं. ते खाटकाकडून त्याच सकाळी आणा, धुऊन सलाइनमध्ये ठेवा. ३-० व्हिक्रिलने (विरघळणाऱ्या धाग्याने) ॲनास्टोमोसिस, म्हणजे आतड्याची दोन टोकं जोडणं, झाला की दोन्ही टोकं क्लॅम्प करून सिरिंजने रंगीत पाणी भरा. गळती बहुधा मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) बाजूला सापडते, कारण तिथली चरबी कड झाकते आणि टाका सबम्युकोसा (आतड्याच्या भिंतीचा मजबूत थर) न पकडताच जातो. गळलेला जोड उघडून तो बांधणाऱ्या जेआरलाच आतून दाखवा. हे दहा मिनिटांचं काम कुठल्याही लेक्चरपेक्षा मोलाचं आहे. उरलेलं आतडं पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात.

शेवटचे तीन आठवडे लॅपरोस्कोपीचा (दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा) बॉक्स ट्रेनर, म्हणजे सरावाची पेटी. पेग ट्रान्सफरमध्ये खुंट्यांवरचे सहा तुकडे उचलून हवेतच एका हातातल्या अवजारातून दुसऱ्यात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर ठेवायचे, आणि परत. ४८ सेकंदांचं लक्ष्य द्या.

मूल्यमापन ओसॅट्सच्या (शस्त्रक्रिया-कौशल्य तपासायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) मोजपट्टीने करा: सात मुद्दे, प्रत्येकी पाच, एकूण ३५ गुण. व्हिडिओत फक्त हात दिसू द्या आणि दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. नाव कळलं की गुण ओळखीवर घसरतात. तीन महिन्यांनी न सांगता पुन्हा तपासा; जे स्टेशन (वरच्यापैकी जे कौशल्य) चुकेल, तेवढंच परत करायला लावा.