‘नियम’ की ‘उपविधी’? संस्थेचे कागद लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरी-मालवण पट्ट्यातील मच्छीमार सहकारी संस्थांची इतिवृत्ते तपासताना एक घोटाळा सतत दिसतो: संस्थेने स्वतःसाठी केलेल्या तरतुदीला सर्रास ‘नियम’ म्हटले जाते. तिला सहकारात ‘उपविधी’ म्हणतात. जुन्या लोकांचा ‘पोटनियम’ही चालतो. अधिनियम विधिमंडळ करते, जसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. त्याखालील 1961 चे नियम राज्य शासनाचे. उपविधी मात्र संस्थेचे असतात आणि त्यांतील दुरुस्ती निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याकडे, नोंदल्याशिवाय वैध ठरत नाही. अधिनियमाचे कलम 13 तसे स्पष्ट सांगते.

एका संस्थेच्या समितीने आपल्याच बैठकीत ठरवले की, ज्याने नौका विकली त्याला सर्वसाधारण सभेत मत नाही, आणि फलकावर मथळा दिला ‘नवा नियम’. नियम म्हणजे तो सरकारकडूनच आला असणार, असे सभासदांनी धरले आणि एका वृद्ध तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) सभेला येणेच सोडले. पुढे त्याच्या मुलाने नोंदणीकृत उपविधींची प्रत मागितली, तेव्हा तीत अशी तरतूदच नव्हती. दुरुस्तीला ना सर्वसाधारण सभेची मंजुरी होती, ना निबंधकाकडील नोंद. फलकावर ‘उपविधी’ लिहिले असते, तर कोणीतरी नोंदणीचा कागद त्याच दिवशी मागितला असता. चुकीच्या शब्दामुळे माणसाचा हक्क बुडतो, याचा मला संताप येतो.

‘कलम’ अधिनियमाचे असते. नियमांना आणि उपविधींना कलमे म्हणू नये.

‘नियमन’ म्हणजे नियम नव्हे, तर नियंत्रणाची क्रिया. म्हणूनच महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 हे नाव अर्जात पूर्ण लिहावे. सीआरझेडला (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या तरतुदींना) किनाऱ्यावर ‘कायदा’ म्हणतात, पण ती पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालील केंद्राची अधिसूचना आहे.

सुट्या ‘उपविधी’ शब्दातला ‘धी’ दीर्घ, पण ‘उपविधिदुरुस्ती’ या सामासिक शब्दात ‘धि’ ऱ्हस्व.

सर्वांत वाईट सवय नव्या सचिवांची. शहरातील गृहनिर्माण संस्थेचे आदर्श उपविधी उतरवायचे, नाव बदलायचे आणि मोकळे व्हायचे. त्यात वाहनतळ आणि गाळेधारक येतात, खलाशी आणि जाळी येत नाहीत. एवढी घाई असलेल्याने सचिवपद घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी प्रत्येक तरतुदीशेजारी पेन्सिलीने ‘कोणी केली?’ असे लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत मसुद्यावर सही होऊ देत नाही.