घाण्याचं तेल विकताय? मग या चुका टाळा

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची पहिली बाटली लोक कौतुकाने नेतात. दुसरीला येत नाहीत, तेव्हा विक्रेते म्हणतात, भाव परवडत नाही. माझ्या मते बरंच काही बिघडतं ते कढईपाशी, आणि तिथे काय होणार हे विकताना कुणी सांगितलेलंच नसतं.

वर्षानुवर्षं रिफाइंड वापरणाऱ्या ताईंनी हे तेल सवयीने मोठ्या आचेवर ठेवलं की वर फेस धरतो. वास घरभर होतो, धूरही लवकर निघतो. बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो. त्या म्हणणारच, भेसळ आहे! खरं तर घाण्याच्या तेलात दाण्यातली फॉस्फोलिपिडं (चिकट स्निग्ध घटक) आणि किंचित ओलावा शिल्लक असतो, म्हणून फेस येतो. कारखान्यात शुद्धीकरण करताना हे काढून टाकतात. म्हणून बाटलीच्या गळ्यात छोटी चिठ्ठी अडकवा: आच मध्यम ठेवा, फेस बसला की मोहरी घाला, तळाचा गाळ दाण्याचाच आहे, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. एवढ्या चार ओळींनी निम्म्या तक्रारी येण्याआधीच मिटतात.

दुसरी चूक म्हणजे घरातलं सगळं तेल बदलायला लावणं. पाच लिटरचा कॅन गळ्यात मारू नका. अर्धा लिटर द्या आणि सांगा, तळणाला तुमचं नेहमीचं असू द्या, हे फोडणीला आणि वरून घ्यायला ठेवा. या तेलाची चव कच्चं घेतल्यावरच कळते: शेंगदाण्याच्या चटणीवर, ठेच्यात, ज्वारीच्या भाकरीबरोबर. प्रदर्शनात बाटलीचा वास घ्यायला लावण्यापेक्षा भाकरीच्या तुकड्यावर चटणी आणि वर चमचाभर तेल द्या.

‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरात छापणं सोडा. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं, आणि हे जाणणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच उडतो. ‘मधुमेह बरा होतो’, ‘हृदयविकार टळतो’ हे तर चुकूनही लिहू नका. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. त्यापेक्षा दाणे कसे निवडता ते दाखवा. बुरशी लागलेल्या दाण्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, आणि शुद्धीकरण न झालेल्या तेलात त्याचा काही अंश उतरतो. खराब दाणे हाताने वेगळे काढतानाचा साधा व्हिडिओ आणि प्रयोगशाळेचा अहवाल, याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

भावाबद्दल आडपडदा नको. लिटरभर तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाणे 120 रुपये किलो धरले तरी 270 ते 300 रुपये नुसते दाण्याचे झाले. पेंडीचे थोडे परत येतात, पण मजुरी, वीज, बाटली वेगळी. हा हिशेब दुकानात फळ्यावर लिहा. किलो आणि लिटरचा घोळही तिथेच मिटवा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, त्यामुळे पाच लिटरचा आणि पाच किलोचा डबा एकाच भावाने तोलले की कुणाला तरी फसल्यासारखं वाटतं.

पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दर्शनी, उन्हाच्या फळीवर मांडू नका, तेल लवकर खवट होतं. गडद काच किंवा पत्र्याचा डबा बरा. लेबलवर गाळपाची तारीख ठळक टाका.

आणि तक्रार आलीच तर वाद घालू नका. प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळच्या गाळपाची, एक छोटी बाटली नंबर टाकून अंधारात जपून ठेवा, आणि तोच नंबर विकायच्या बाटल्यांवरही टाका. गिऱ्हाइकाकडून बाटलीवरचा नंबर विचारा, त्याच घाण्याचं तेल उघडून वास घ्या. खवट निघालं तर त्या घाण्याच्या सगळ्यांना फोन करून बाटल्या बदलून द्या.