गावाकडच्या हॉटेलात हंगामी जेवण देताय? या चुका टाळा

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं आठ खोल्यांचं हॉटेल आहे. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याहून एक कुटुंब मुक्कामाला आलं. दारावरच्या पाटीवर आम्ही द्राक्षांचा भलामोठा घड रंगवून घेतला होता. सकाळी आजोबा नातवाचा हात धरून बागेत गेले. छाटणी नुकतीच झालेली. तारांवर नुसत्या काड्या आणि खाली पाल्याचा खच. "काकू, द्राक्षं कुठंयत?" असं त्या पोराने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिल, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पुण्याच्या पोराला ते आम्हीच आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून एका वहीत चुका लिहून ठेवते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आल्यापासून इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, दिंडोरी या पट्ट्यातली कितीतरी शेतकरी कुटुंबं या धंद्याकडे वळायचा विचार करतायत. कुणी विचारायला आलं की ती वही काढते. त्यातलंच इथे लिहिलंय.

बारा महिन्यांचं एकच मेन्यूकार्ड

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. कार्ड छापलं की त्यावरचा प्रत्येक पदार्थ वर्षभर द्यावा लागतो. मग मे महिन्यात फ्रीजरमधला हुरडा निघतो आणि डिसेंबरात डब्यातला आमरस. पाहुणा ते मुंबईतही खातो. त्यासाठी तो कसारा घाट चढून येत नाही.

आम्ही कार्ड बंद केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळी पाटी लावली. सकाळी भाजी आली की नऊ वाजता त्यावर लिहायचं. पाटी लिहिण्याआधी आपल्या भागाचा हंगाम मात्र स्वतः नीट मांडून ठेवावा लागतो. आमचा साधारण असा आहे: जून अखेरपासून श्रावणापर्यंत रानभाज्या आणि ओढ्याचे खेकडे. दिवाळीच्या आगेमागे नवा भात, मग नवी नागली, म्हणजे नाचणी. थंडीत वालपापडी, तुरीच्या शेंगा, सोलाण्यांची (ओल्या हरभऱ्याची) आमटी, हुरडा, पातीचा झुणका. माघ-फाल्गुनात द्राक्षं. उन्हाळ्यात कैरी, करवंदं, आंबा आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडया. कांद्याचंही तसंच. थंडीतला लाल पोळ कांदा टिकत नाही, तो आणायचा आणि संपवायचा. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. जानेवारीत पोळ कांद्याची गोणी भरून ठेवली आणि महिन्याने निम्मी सडकी निघाली, अशी तक्रार घेऊन येणारे मला दर वर्षी भेटतात.

हुरड्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यात पैसा जातो. एका दिवशी पेरलेलं शेत हुरड्याच्या दाण्यावर जेमतेम आठ-दहा दिवस असतं. नंतर दाणा टणक होतो आणि आगटीत कितीही भाजला तरी दुधाळ लागत नाही. पाहुण्यांना दीड महिना हुरडा द्यायचा असेल तर गुळभेंडी किंवा सुरती ज्वारी आठ-दहा दिवसांच्या अंतराने चार-पाच टप्प्यांत पेरा. एकदम पेरून मग शेजारच्या तालुक्यात कणसं शोधत फिरू नका.

शेजारच्या तालुक्याची चव आपली म्हणून वाढणं

नाशिक जिल्हा एकाच चवीचा नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथल्या ताटात भात आणि नागली असते. सिन्नर-येवल्याचा भाग कोरडा, तिथे बाजरी. मालेगाव-सटाण्याकडे बोली बदलते, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी येते, खान्देशाची हाक ऐकू येऊ लागते. त्र्यंबकच्या डोंगरात बसून 'आमचं गावरान' म्हणून खान्देशी भरीत वाढणं मला पटत नाही. वाढा, भरीत चांगलंच लागतं, पण ते जळगावकडचं आहे असं सांगून वाढा. आणि सोबत आपल्या पाड्यावरची खुरासणीची चटणी ठेवा, उडदाचं घुटं ठेवा. या दोन गोष्टींसाठी आमच्याकडे लोक परत आलेत.

प्रत्येक कालवणात काळा मसाला ओतणं हीसुद्धा याच जातीची चूक. मिसळीला तो हवाच. पण कोवळ्या वालपापडीला नुसती लसूण-मिरची पुरते. मसाल्याखाली भाजी गेली की हंगामही त्याखाली गेला.

भाकरी: तक्रारी चार, कारणं वेगवेगळी

'भाकरी चांगली नव्हती' एवढंच पाहुणा सांगतो. नेमकं काय बिघडलं ते आपल्याला शोधावं लागतं.

*थापताना तुटते.* ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग उकळत्या पाण्यात भिजवून चांगलं मळलं तरच ते एकजीव होतं. नागलीच्या पिठाला मुळातच चिकटपणा कमी, त्यामुळे तिची नेहमी उकड काढूनच भाकरी करायची. शहरातून आलेला आचारी गार पाण्यात नागली मळतो आणि पिठाला नावं ठेवतो. त्याला पाड्यावरच्या एखाद्या मावशीच्या हाताखाली आठ दिवस बसवा.

*कडवट लागते.* हे बाजरीचं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळली की पीठ लवकर खवट होतं, उन्हाळ्यात तर आठवड्यातच. महिन्याचं पीठ एकदम दळून आणणं ही काटकसर नाही. बाजरी साठवा, पीठ साठवू नका. आम्ही चार दिवसांपुरतंच दळतो. आणि बाजरी ही थंडीची. भोगीला तिळाची बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि लोण्याचा गोळा हे ताट जानेवारीत जसं लागतं तसं एप्रिलमध्ये लागत नाही. तेव्हा ज्वारी काढा.

*ताटात येईपर्यंत वातड होते.* यात पिठाचा दोष नसतो, हिशेबाचा असतो. एका चुलीवर एक बाई तासाला पंचवीस-तीस भाकरी करते, त्याहून जास्त होत नाहीत. शनिवारी रात्री चाळीस माणसं साडेआठला एकदम जेवायला बसली तर भाकऱ्या संध्याकाळीच करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या जातात आणि चामड्यासारख्या होतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. दुसरी चूल मांडली आणि जेवणाच्या दोन पंगती केल्या, साडेसात आणि नऊ. पंगतीची वेळ दुपारीच विचारून घ्यायची. पहिली अर्धी भाकरी तव्यावरून थेट ताटात गेली पाहिजे, एवढा एकच नियम मी कुणाला मोडू देत नाही.

*धुरकट लागते.* लाकूड ओलं आहे. पावसाळ्याचं सरपण मे महिन्यात भरून झाकून ठेवा.

रानभाजी: हौसेने आणली, घसा खाजला

मला सगळ्यात जास्त काळजी या भाजीची वाटते, आणि सगळ्यात जास्त प्रेमही हिच्यावरच आहे.

पहिल्या पावसात शेवळं येतात, पाठोपाठ अळूचं रानटी भावंड, तेरा. दोन्हींत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आंबट घातलं नाही किंवा भाजी अर्धी कच्ची राहिली की ते जिभेला आणि घशाला टोचतात. पाड्यावरच्या बायका शेवळात काकड या रानझाडाची आंबट फळं घालतात ती उगीच नाही. काकडं मिळाली नाहीत तर चिंच भरपूर घाला आणि भाजी पूर्ण शिजू द्या. आमच्याकडे एकदा नव्या मुलाने चिंचेचा कोळ घालायचाच विसरला आणि सहा पाहुण्यांचे घसे धरले. गार दह्याने त्यांना आराम पडला. पण ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, गाडी काढून सरळ दवाखान्यात न्यायचं. तेव्हापासून रानभाजी वाढण्याआधी स्वयंपाकघरातलं कुणीतरी ती खातं, आणि अर्धा तास थांबल्यावरच ताटं लागतात.

टाकळा अगदी कोवळा असतानाच घ्यावा. पावसाळा सरकला की पानं निबर होतात आणि उग्र वास मारतात. फोडशी चिरण्याआधी माती निघेपर्यंत तीन पाण्यांतून काढायची. आणि अळिंबी (मशरूम) ओळखीची असल्याशिवाय हातही लावायचा नाही. विकणारी बाई स्वतःच्या पोरांना ती खाऊ घालते का, एवढं विचारा. फोटोवरून ओळखून रानातली अळिंबी आणणारा माणूस मी स्वयंपाकघरात ठेवणार नाही.

खरेदीतही चूक होते. त्र्यंबक, हरसूल, पेठच्या रस्त्याला पहाटे निघून आलेल्या बायका पाट्या घेऊन बसतात. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करून तीच कर्टुली पाहुण्याला शेकड्याने लावणं बरोबर नाही. भाव त्यांचा मान्य करा आणि आठवड्यातून किती लागेल ते आधी सांगा. 'वीस किलो आणा' असंही म्हणू नका. मोठी मागणी आली की फोडशी मुळासकट उपटली जाते आणि पुढच्या वर्षी त्या बांधावर काही उगवत नाही. आमच्याशी ठरलेल्या ताई पानं कापून आणतात, कंद जमिनीत ठेवतात. भाजी कमी आली तर ताटात दोनच चमचे वाढते आणि तसं सांगते. कुणी कधी तक्रार केली नाही. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे आपल्या आचाऱ्याला घेऊन जा. भाजी ओळखायची आणि रांधायची रीत करणाऱ्यांच्या तोंडूनच शिकता येते.

द्राक्षबागेत पाहुण्यांना मोकळं सोडणं

घड दिसला की लहान मूल तोडून तोंडात टाकणारच. पण प्रत्येक औषधाला फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही ते ठरलेलं असतं. २०१० साली सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रक औषधाच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली आणि इथल्या बागायतदारांनी मोठं नुकसान सोसलं. तेवढीच काळजी बागेत फिरणाऱ्या पोरासाठीही घ्यायला हवी. काढणीचे दिवस भरलेल्या दोन-तीन ओळींना रंगीत फीत बांधा, त्याच ओळींत पाहुण्यांना न्या, आणि तोडलेला घड धुऊनच हातात द्या. शेजाऱ्याच्या बागेत फवारणी चालू असेल तर त्या सकाळी फेरी रद्द करा.

कोण जेवणार, हे न विचारता रांधणं

श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वराला आलेल्या पाहुण्याचा उपवास असतो आणि आपण त्याला मिसळ विचारतो. बरेच जण चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं वर्ज्य करतात आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांगं सुरू करतात. पेठच्या रस्त्याने सुरतेकडचे पाहुणे येतात, त्यांच्यात जैन मंडळी बरीच. कांदा काढून ठेवला म्हणजे जैन जेवण झालं असं नाही. बटाटा, आलं, गाजर, सगळी कंदमुळं गेली. त्यांचं कालवण आणि फोडणीची कढई वेगळी ठेवा आणि ते आधी रांधून घ्या.

उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीवर थांबू नका. वरई आपल्याच घाटमाथ्यावर पिकते. भगर आणि दाण्याची आमटी द्या. मात्र भगरीचं पीठ पावसाळ्यात साठवू नका, ओल लागली की बुरशी धरते आणि माणसं आजारी पडतात. भगर बंद पाकिटातली घ्या, धुवा, ताजी रांधा. रात्रीचा उरलेला भात बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकणंही बंद करा. त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात लगेच पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर गुरांना घालायचा.

आग्रहाचं ओझं

आपल्याकडे आग्रह हा पाहुणचार समजतात. मीही ताटावर उभी राहून वाढत असे. मग एक दिवस उष्ट्याची बादली पाहिली. त्यात अर्धी भाकरी, न शिवलेला ठेचा, गुळाचे खडे होते. आता पहिल्या वाढीला सगळं थोडं, आणि ठेचा ताटात नाही, वाटीत मधोमध. दुसऱ्यांदा विचारते, तिसऱ्यांदा नाही. लहान मुलांसाठी बिनतिखट वरण, मऊ भात आणि तूप न विचारता तयार असतं. या एका गोष्टीने आयांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

आणि चालक. पाहुण्यांना आणणारा ड्रायव्हर बाहेर गाडीत वडापाव खात बसलेला मी कितीतरी चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या ठिकाणी पाहिला आहे. आमच्याकडे त्याचं ताट तेच, पंगत तीच, पैसे मात्र घेत नाही. जेवणानंतर पडायला एक खाट आणि पंखा लागतो. परतीला त्याला रात्रीचा घाट उतरायचा असतो.