गॅसवरील पीकिंग केंद्राचे उत्सर्जन कसे काढावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीचालकाकडे ग्राहकाने टनामागे कार्बनचा आकडा मागितला, की विजेचा हिशेब प्रथम पुढे येतो. दिवेलागणीच्या वेळी चढणारी मागणी आपल्या भागात मुख्यतः कोयनेच्या पाण्यावर भागवली जाते, असे आपण मानतो. परंतु पश्चिमेकडे वळवायच्या त्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. पीकिंग केंद्र, म्हणजे मागणी चढलेल्या वेळेपुरते चालवले जाणारे केंद्र, गॅसवरही असू शकते: त्यातली गॅस टर्बाइनही कोयनेप्रमाणेच थोड्या वेळात भार उचलते, मात्र तिला धुराडे असते.

हिशेब केंद्राच्या क्षमतेवरून नव्हे, तर जळालेल्या गॅसवरून करावा. नैसर्गिक वायूच्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे सुमारे ५६.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. साध्या, म्हणजे ओपन सायकल टर्बाइनची कार्यक्षमता ३६ टक्के धरल्यास एका युनिटला सुमारे १० मेगाज्यूल लागतात, म्हणून उत्सर्जन ५६१ ग्रॅम येते. कंबाइंड सायकलमध्ये, म्हणजे टर्बाइनच्या गरम धुरावर बॉयलरमध्ये वाफ करून आणखी वीज काढली जाते तिथे, ५५ टक्के कार्यक्षमता धरली, तर तेच सुमारे ३६७ ग्रॅमवर उतरते. कंबाइंड सायकलचा आकडा पीकिंग केंद्राला लावणे ही नेहमीची चूक आहे, कारण बॉयलर तापेपर्यंत पीकची वेळ बरीचशी सरून जाते. महिन्याचा एकूण गॅस एकूण युनिटांनी भागावा, म्हणजे वीज ग्रिडला जाण्यापूर्वी प्रत्येक स्टार्टमध्ये जळालेला गॅसही हिशेबात येतो.

नायट्रोजन ऑक्साइड वेगळे पाहावेत. ते मुख्यतः ज्वालेच्या उच्च तापमानाला हवेतल्याच नायट्रोजनपासून तयार होतात, आणि कमी भारावर ते कमी ठेवणारे लो-नॉक्स बर्नर नीट काम करत नसल्याने वारंवार चालू-बंद होणाऱ्या केंद्रात त्यांची सरासरी फसवी ठरते. नोंद १५ टक्के ऑक्सिजनवर आणूनच वाचावी: धुरात १७ टक्के ऑक्सिजन असताना ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग) दिसले, तर ३० ला ५.९ ने (हवेतला २०.९ टक्के ऑक्सिजन वजा १५) गुणून ३.९ ने (२०.९ वजा १७) भागावे. उत्तर ४५ येते. जादा हवा मिसळली की आकडा आपोआप देखणा होतो, हे येथे लक्षात ठेवावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष गळतीकडे होते. १० मेगाज्यूलसाठी सुमारे २०० ग्रॅम गॅस लागतो, त्याच्या २ टक्के, म्हणजे ४ ग्रॅम मिथेन वाटेत निसटला असे धरले, तर शंभर वर्षांच्या मापाने (मिथेनचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट) १२० ग्रॅमची, आणि वीस वर्षांच्या मापाने (सुमारे ८२.५ पट) ३३० ग्रॅमची भर पडते. कोणते माप घेतले, ते आकड्याशेजारीच लिहावे.

इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवण्यास सुमारे ६०० युनिट लागतात असे धरल्यास, सगळी वीज अशा टर्बाइनची असती तर धुराड्याचेच ३३७ किलो झाले असते. प्रत्यक्षात ग्रिडमधली वीज कोणत्या केंद्राची हे ओळखता येत नाही, म्हणून ग्राहकाला द्यायच्या कागदावर ग्रिडचा सरासरी गुणांकच (एका युनिटमागचे सरासरी उत्सर्जन) वापरावा आणि हा आकडा सायंकाळच्या पाळीत भट्टी चालवावी की नाही, एवढे ठरवण्यापुरता स्वतःकडे ठेवावा.